नथीचा प्रत्येक मोती शार्प: फोकस स्टॅकिंग

नमस्कार मंडळी! समोर आहे पुण्याच्या तुळशीबागेत मिळते तशी मोत्यांची नथ. मॅक्रो लेन्सने 1:1 वर, म्हणजे सेन्सरवर वस्तूची प्रतिमा तिच्या खऱ्या आकाराएवढी येईल असा फोटो काढला की पुढचा मोती शार्प येतो आणि मागची तार पार धूसर. फुल फ्रेम सेन्सरवर एफ 5.6 अ‍ॅपर्चरला शार्प खोली मिळते सुमारे 0.7 मिलिमीटर. आणि ही नथ 12 मिलिमीटर खोल आहे.

मग अ‍ॅपर्चर बारीक करून एफ 22 लावू? अजिबात नको. 1:1 ला ते साधारण एफ 44 सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. एफ 5.6 च ठेवा आणि फोकस 0.4 मिलिमीटरने मागे नेत तीसेक फ्रेम घ्या. नंतर त्यांचे शार्प भाग जोडून एकच फोटो करायचा, हेच फोकस स्टॅकिंग. पुढे-मागे दोन-दोन जास्तीच्या. मधली एक जरी सुटली तरी तारेवर धूसर पट्टा दिसतो आणि तो नंतर भरून काढता येत नाही.

एक्स्पोजर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद, टायमर 2 सेकंद, पंखा बंद. बाजीराव रोडसारख्या रस्त्यालगत राहत असाल तर पीएमपीची बस गेली की थोडं थांबा, 1:1 ला तेवढा हादराही दिसतो. घरच्या एलईडीखाली शटर 1/50 किंवा 1/25 ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि जलद शटरला फ्रेमगणिक उजेड बदलतो.

आता मोती. त्यावर दिव्याची चमक असते. रेलवर, म्हणजे कॅमेरा पुढे-मागे नेणाऱ्या पट्टीवर, कॅमेरा सरकवला की ती चमकही सरकते आणि जोडलेल्या फोटोत दुहेरी दिसते. म्हणून इथे रेल नको, फोकस रिंगच फिरवा. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर धरा, चमक पसरट होते.

जोडायला फोटोशॉपचं ऑटो-ब्लेंड चालतं, पण नथीसाठी मी झेरीन स्टॅकर हे स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर घेईन. त्यात जोडण्याच्या दोन पद्धती आहेत, डीमॅप आणि पीमॅक्स. डीमॅप मोत्याचा गुळगुळीतपणा जपतं, मात्र तार मोत्यावरून जाते तिथे कडेला धूसर वलय सोडतं. पीमॅक्स ती तार नीट सोडवतं, पण मोत्यावर नॉइज वाढवतं. दोन्ही करा. खाली डीमॅप ठेवा आणि फक्त तारांवर पीमॅक्स ब्रशने रंगवा.

पार्श्वभूमीवर बारीक ठिपक्यांची रांग दिसली तर ती सेन्सरवरची धूळ. फ्रेम जुळवताना सॉफ्टवेअर प्रत्येकीचा आकार किंचित बदलतं, म्हणून एकाच कणाची रेघ होते. शूटच्या आधीच सेन्सरवर ब्लोअर मारा.