जुनं नाव आणताय तर जुनी देणीपण आणा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, जिथून ऐकत असाल तिथून ऐका, आज बोलायचंय विमान कंपन्यांबद्दल, त्यातही बंद पडलेल्या कंपन्यांबद्दल. कारण कंपनी बंद पडली तरी तिचं नाव शिल्लक राहतं, मग कुणीतरी येतो, ते नाव विकत घेतो आणि नव्या विमानावर रंगवतो, आणि आपण नाव ओळखीचं म्हणून लगेच विश्वास टाकतो. आपल्या भागाला हा विषय काही लांबचा नाही, तिकडं हत्तरगीला विमानांचे पार्ट बनतात, इकडं सांबऱ्याला एअरफोर्सचं ट्रेनिंग चालतं आणि तिथनंच आपली पोरं नोकरीसाठी विमानानं जातात येतात.

आपल्याच पठाराचं नाव बघा, डेक्कन. १९४५ ला हैदराबादेत निजाम सरकार आणि टाटांनी मिळून डेक्कन एअरवेज काढली, १९५३ ला सरकारनं विमान कंपन्या ताब्यात घेतल्या तेव्हा ती इंडियन एअरलाइन्समध्ये गेली आणि नाव संपलं. मग पन्नास वर्षांनी, २००३ ला, कॅप्टन गोपीनाथांनी एअर डेक्कन काढली, हासन जिल्ह्यातल्या गोरूरचा माणूस, आर्मी सोडून शेती केलेला. एक रुपयात तिकीट देऊन दाखवलं त्यांनी, आणि कंपनीचं चित्र म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घेतला, आणि खरंच ज्यांनी आयुष्यभर एसटी आणि रेल्वेच बघितलेली ते लोक विमानात बसले. मला त्या कंपनीबद्दल आजही फार आपुलकी वाटते. पुढं ती किंगफिशरनं घेतली, २००८ ला तिचं किंगफिशर रेड केलं, आणि २०१२ ला किंगफिशरच बंद पडली.

पण डेक्कन नाव परत आलं! २०१७ च्या डिसेंबरमध्ये, उडान योजनेत, म्हणजे छोट्या गावांना विमानानं जोडायच्या सरकारी योजनेत, १९ सीटचं छोटं विमान घेऊन, मुंबईहून जळगाव, नाशिक, नंतर कोल्हापूर. नाव तेच, गोपीनाथही सोबत, लोक खूष झाले. पण मुंबईत स्लॉट मिळायची मारामार, स्लॉट म्हणजे विमान उतरायची आणि उडायची ठरलेली वेळ, ती नसेल तर विमान असून काय करणार, फेऱ्या रद्द व्हायला लागल्या, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कंपनी थांबली. लोकांनी जीव लावलेलं नाव होतं, पण नुसत्या जीव लावण्यानं काय मुंबईत स्लॉट मिळत नाही.

अमेरिकेत तर हे कितीदा झालंय. पॅन ॲम, एकेकाळी जगातली सगळ्यात गाजलेली कंपनी, १९९१ च्या डिसेंबरमध्ये बंद पडली. नाव विकलं गेलं, १९९६ ला नवी पॅन ॲम उडाली, १९९८ ला ती बुडाली, मग तेच नाव एका रेल्वे चालवणाऱ्या कंपनीनं घेतलं, तेही काही वर्षांत थांबलं. ब्रॅनिफ नावाची कंपनी १९८२ ला बुडाली, १९८४ ला परत आली, १९८९ ला बुडाली, १९९१ ला परत, १९९२ ला संपली. एक फ्रंटियर तेवढी टिकली. १९८६ ला बंद पडलेल्या कंपनीचं नाव १९९४ ला डेन्वरमध्ये परत आलं, पण ते आणणारे जुन्या फ्रंटियरमधलेच काही लोक होते, गावही तेच, आणि तिथं दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं फेऱ्या कमी केल्यामुळं जागापण मोकळी झालेली. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

आता पैशाचं बघू, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. कंपनी बुडते तेव्हा ब्रँड ही एक वेगळी वस्तू म्हणून विकता येते, खुर्च्या टेबलं विकतात तशी. घेणाऱ्याला लोकांच्या मनातला विश्वास मिळतो, पण थकलेले पगार, अडकलेले रिफंड, ते जुन्या कंपनीच्या खात्यावर पडून राहतात. आपल्याकडं जेट एअरवेजचं बघा, १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं विमान उडालं आणि हजारो लोक एका दिवसात रस्त्यावर आले. नंतर जेट परत उडणार, नव्या मालकांकडं जाणार, अशी वर्षानुवर्षं चर्चा, आणि गाडी अडली कुठं, तर बऱ्याच गोष्टींबरोबर कामगारांच्या पीएफ आणि ग्रॅच्युइटीवर. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. उद्या कुणी ते नाव घेऊन आला तर मी पहिल्यांदा हेच विचारणार, त्या लोकांची ग्रॅच्युइटी दिली का?

आणि नाव विकताना माणसांसाठी अट घालणं जमतच नाही असं कुणी सांगू नये. एअर इंडिया बंद पडलेली नव्हती हे खरं, पण जानेवारी २०२२ ला ती टाटांकडं गेली तेव्हा सरकारनं अटी घातल्या होत्या, एक वर्ष कुणाला कामावरून काढायचं नाही, आणि पाच वर्षं ते नाव आणि लोगो दुसऱ्याला विकायचा नाही. म्हणजे नावाबरोबर माणसं बांधता येतात, कागदावर लिहून बांधता येतात, अट घालायची इच्छा पायजे.

माझ्या मनात एक नाव मात्र आहे जे परत यावं असं मनापासून वाटतं. वायुदूत. १९८१ ला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स दोघांनी मिळून काढलेली, सुरुवात ईशान्य भारतासाठी, मोठ्या कंपन्या जिथं जात नव्हत्या अशा छोट्या गावांसाठी, नंतर कानपूरला बनलेली डॉर्नियर विमानं तिच्याकडं होती. आज तेच काम आपल्याकडं स्टार एअर करते, शेजारच्या कोल्हापूरच्या घोडावतांची, २०१९ ला स्वतःचं कोरं नाव घेऊन उतरली, कुणाचं उसनं घेतलं नाही, आणि त्याचं मला कौतुक आहे. सांबऱ्याहून ट्रूजेटपण उडायची, ती २०२२ ला थांबली. उद्या कुणी वायुदूत किंवा ट्रूजेट असं नाव घेऊन सांबऱ्याला आलं, तर मंडळी, तिकीट काढण्याआधी एवढं बघा की लायसन्स कुणाच्या नावावर आहे, विमानं किती आहेत, आणि जुन्या कंपनीतले किती लोक परत कामावर घेतलेत.