चिमूटभर धातू आणि चार अंशांचा गारवा

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात फौंड्रीवर काम करणारं कुणी आत्ता रेडिओ ऐकत असेल, तर सुरुवात त्यांच्यापासूनच करतो. एसजी आयर्नची, म्हणजे न तुटता वाकणाऱ्या बिडाची, हीट काढताना लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेलं लोखंड धरायच्या भांड्यात, मॅग्नेशियमचं मिश्रण पडतं आणि डोळे दिपवणारा पांढरा उजेड होतो. शेवटी त्या लोखंडात मॅग्नेशियम उरतं शंभर किलोला जेमतेम चाळीस ग्रॅम. पण तेवढ्यानं आतल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या गोळ्या होतात, आणि हातोड्याच्या घावानं तुटणारं बीड वाकायला तयार होतं. शिकवण्याकडे वळण्याआधी मी काही वर्षं त्या लॅडलशेजारी काढली आहेत. आज ज्या मिश्रधातूंबद्दल बोलणार आहे, त्यांची गोष्ट मला तिथूनच कळायला लागली.

हे धातू गारवा देतात. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. फ्रिजमधले आजचे काही वायू हवेत सुटले तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता अडवतात. ते कमी करायचं जगानं २०१६ साली रवांडातल्या किगालीत ठरवलं. म्हणून या धातूंकडे लक्ष आहे.

गॅडोलिनियम हा चांदीसारखा दिसणारा धातू घ्या. जोरदार चुंबकात सरकवला की तो तापतो, बाहेर काढला की गार होतो. दोन टेस्लाच्या चुंबकात पाच-सहा अंशांचा फरक पडतो; टेस्ला हे चुंबकाचा जोर मोजायचं माप. त्याचा प्रत्येक अणू म्हणजे एक बारीक चुंबक. एरवी त्यांची तोंडं दाही दिशांना. बाहेरचं चुंबक त्यांना एका रांगेत आणतं, आणि त्यांची चुळबुळ अणूंच्या कंपनात उतरते. धातू तापतो. ती उष्णता पाण्यानं वाहून न्यायची आणि मग धातू चुंबकाबाहेर काढायचा. अणूंना पुन्हा विस्कटायला ऊर्जा लागते, ती ते धातूतूनच ओढून घेतात, आणि धातू आधीपेक्षा गार पडतो.

वाइस आणि पिकार या भौतिकशास्त्रज्ञांनी १९१७ साली हे निकेलमध्ये पाहिलं, पण साडेतीनशे अंशांच्या आसपास. कारण प्रत्येक चुंबकीय धातूचं एक क्युरी तापमान असतं. त्याच्यावर गेलं की अणूंची शिस्त मोडते, आणि गारव्याचा खेळ त्याच्या जवळपासच रंगतो. गॅडोलिनियमचं हे तापमान वीस अंश. आपल्या गावच्या दूध संस्थेतल्या बल्क कूलरला दूध हवं चार अंशांवर. शुद्ध धातूला तुम्ही सांगू शकत नाही, बाबा रे, जरा खाली सरक. मिश्रधातूला सांगता येतं.

१९९७ साली अमेरिकेत आयोवातल्या एम्स प्रयोगशाळेत पेचार्स्की आणि श्नायडनर यांनी गॅडोलिनियम, सिलिकॉन आणि जर्मेनियमचा मिश्रधातू दाखवला. त्यात चुंबकत्वाबरोबर स्फटिकाची रचनाही बदलते, म्हणून गारवा कितीतरी मोठा. सिलिकॉन आणि जर्मेनियमचं प्रमाण बदललं की कामाचं तापमान सरकतं. पण अशा धातूत हा बदल तापताना एका तापमानाला होतो, गार होताना दुसऱ्या. याला शैथिल्य म्हणतात, आणि प्रत्येक फेरीत ते ऊर्जा खातं. २००४ साली असं दिसलं की थोडंसं लोखंड घातलं की हा तोटा जवळजवळ संपतो. मात्र गारव्याची उंचीही उतरते. फुकट काहीच मिळत नाही.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती लॅन्थनम, लोखंड आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूची, कारण त्यात बहुतेक सगळं लोखंडच आहे. एका लॅन्थनमला तेरा लोखंड अशी रचना नुसती बनतच नाही. काही लोखंडाच्या जागी सिलिकॉन बसवला तरच ती टिकते. त्यातही ओतून झालं की संपलं असं नाही. साधारण एक हजार पन्नास अंशांवर कित्येक दिवस भाजावं लागतं. एवढं करून क्युरी तापमान येतं शून्याखाली ऐंशी अंशांच्या आसपास. सिलिकॉन वाढवला तर ते चढतं, पण गारवा फिका पडतो. लोखंडाच्या जागी कोबाल्ट घातला तरी तसंच, शिवाय कोबाल्ट महाग.

मग हायड्रोजन पाजला. तो कुणाची जागा घेत नाही, अणूंच्या फटींत शिरतो, त्यांची जाळी फुगवतो, आणि तापमान खोलीच्याही वर जातं, तेही गारवा फारसा न गमावता. म्हणाल, अर्धाच पाजू, हवं तिथे थांबू. पण अर्धा पाजलेला धातू कामाच्या तापमानावर ठेवला की हायड्रोजन आतल्या आत सरकतो. काही भाग भरलेला, काही रिकामा, आणि एका धातूचे दोन होतात. यावरची युक्ती मला फार सुंदर वाटते. हायड्रोजन पोटभर पाजायचा, आणि लोखंडाच्या जागी थोडं मँगनीज घालून तापमान हवं तेवढं खाली ओढायचं. मँगनीज शेजारच्या लोखंडाच्या चुंबकत्वाला विरोध करतं, म्हणून हे जमतं. मँगनीजचं प्रमाण किंचित हललं की तापमान काही अंशांनी सरकतं.

आणि अशा धातूची एकच पट्टी पुरत नाही. दुपारच्या पस्तीस अंशांपासून दुधाच्या चार अंशांपर्यंत उतरायचं, तर काही-काही अंशांच्या फरकानं बनवलेल्या पट्ट्या एकापुढे एक लावाव्या लागतात. प्रत्येकीत मँगनीज थोडं वेगळं. वजनात चूक झाली की मधली पायरीच गायब.

आता अडलंय कुठे, तर हायड्रोजन शोषताना हा धातू फुटून त्याचा भुगा होतो. तो भुगा रेझिननं बांधून पातळ पट्ट्या करतात आणि त्यांच्यामधून पाणी खेळवतात. रेझिन जास्त झालं तर उष्णता अडते, कमी झालं तर पट्टी झडते. आणि सेकंदाला एक फेरी धरली, तरी दिवसाला शहाऐंशी हजार फेऱ्या होतात. वाळूला रेझिन किती लावायचं हे रोज ठरवणाऱ्या आपल्या कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे बनवणाऱ्या, माणसाला हा प्रश्न नवखा वाटणार नाही. त्याला यावर काय सुचतं, हे मला मनापासून ऐकायचं आहे.

नमस्कार.