जादूसाठी कॅट निवडताना

नमस्कार श्रोतेहो. बोलायला सुरुवात करण्याआधी एक आवाज ऐकवते.

(पत्ते पिसल्याचा आवाज)

आणि आता हा दुसरा.

(पुन्हा पत्ते पिसल्याचा आवाज)

पहिल्या वेळी पत्ते झरझर सुटले, एकेक पत्ता वेगळा ऐकू आला. दुसऱ्या वेळी मध्येच चार-पाच पत्ते एकदम धपकन पडले. हात माझेच, पिसण्याची पद्धतही तीच. बदलला तो फक्त पत्त्यांचा कॅट.

मी गेली पंचवीस वर्षं पत्त्यांची जादू करते आहे. घरगुती कार्यक्रमात, सोसायटीच्या गणपतीत, कधी शाळेच्या स्नेहसंमेलनात. कार्यक्रम संपला की दहा-बारा वर्षांची मुलं भोवती गोळा होतात आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, "काकू, हे कसं केलं?" त्याचं उत्तर मी देत नाही. दुसरा प्रश्न असतो, "जादूसाठी कुठला कॅट घेऊ?" याचं उत्तर मात्र मला मनापासून द्यायचं असतं आणि ते दोन मिनिटांत देता येत नाही. म्हणून आजचं हे भाषण.

माझी पत्त्यांशी ओळख नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात झाली. मे महिन्यात दुपारची जेवणं उरकली की आजी माजघरात सतरंजी अंथरायची आणि फडताळातून पत्र्याचा डबा काढायची. त्या कॅटमधली किलवरची छक्की केव्हाच हरवली होती. तिच्या जागी जोकर होता, आणि त्याच्या कोपऱ्यात आजीनं निळ्या शाईनं सहाचा आकडा काढून खाली किलवरचं तीन पाकळ्यांचं फूल रेखलं होतं. बदामच्या राणीचा कोपरा दुमडलेला, इस्पिकच्या एक्क्यावर चहाचा गोल डाग. मेंढीकोट आणि झब्बू खेळायला त्यानं काही अडत नव्हतं.

नववीत असताना पहिली जादू मी त्याच कॅटवर केली. मामेभावानं एक पत्ता काढला, पाहिला, परत ठेवला. मी पिसले आणि त्याची बदामची राणी काढून समोर ठेवली. चार महिने घोटून घोटून बसवलेली जादू होती ती, आणि चोख झाली होती. तो म्हणाला, "तायडे, कोपरा दुमडलाय की तिचा. मीसुद्धा ओळखली असती." खरं सांगते, मी त्या कोपऱ्याकडे पाहिलंही नव्हतं. माझी युक्ती अगदी वेगळी होती. पण त्याला हवं ते उत्तर कॅटनं परस्पर देऊन टाकलं होतं, मग माझे चार महिने त्याला दिसणार कुठून?

त्या दिवसापासून कॅट हातात घेतला की मी एकच गोष्ट बघते. प्रेक्षकाला बोट ठेवायला यात कुठे जागा आहे का? डाग, दुमड, कमी-जास्त छपाई, चमत्कारिक नक्षी, काहीही.

आधी प्लॅस्टिकचं सांगते, कारण सगळ्यात जास्त चूक तिथे होते. प्लॅस्टिकचे पत्ते धुता येतात, फाटत नाहीत, वर्षानुवर्षं टिकतात. रमीच्या अड्ड्याला उत्तम. जादूला नकोत. ते हातातून निसटतात, पंख्यासारखे पसरले तर सारख्या अंतरानं उघडत नाहीत, आणि वाकवले की ताठ उसळतात. शिवाय जादूत पुष्कळदा प्रेक्षकाला पत्त्यावर सही करायला लावतात, म्हणजे तोच पत्ता परत आला याबद्दल शंका राहत नाही. गुळगुळीत प्लॅस्टिकवर शाई नीट धरत नाही, अंगठा लागला की फरफटते.

सहीवरून आठवलं. 1922 साली शिकागोमध्ये डाय व्हर्नन नावाच्या तरुण जादूगारानं खुद्द हुदिनीला, म्हणजे त्या काळच्या जगप्रसिद्ध जादूगाराला, एक पत्त्यांची जादू दाखवली. कुठलीही जादू तीनदा पाहिली की मी ती पकडतो, असा हुदिनीचा दावा असे. व्हर्ननं त्याला एका पत्त्यावर आपली आद्याक्षरं लिहायला सांगितली. तो पत्ता वरून दुसरा ठेवला आणि तोच पत्ता सगळ्यांत वर आला. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. तीन वेळा काय, कितीतरी वेळा दाखवूनही हुदिनीला काही उमगलं नाही. मी ही गोष्ट मुलांना सांगते ती व्हर्ननच्या हातांसाठी, पण आज तुम्हाला त्या पत्त्यासाठी सांगते आहे. कागदाचा साधा पत्ता आणि त्यावर हुदिनीच्या हातची अक्षरं. त्या अक्षरांमुळेच हुदिनीला 'दुसरा तसाच पत्ता असेल' असं म्हणायची सोय उरली नाही.

तर कागदाचा कॅट. पण कागद म्हणजे नुसता जाड कागद नव्हे. चांगला पत्ता दोन पातळ कागद एकमेकांना चिकटवून केलेला असतो आणि मधला गोंद काळसर असतो, म्हणजे उजेडाकडे धरला तरी पलीकडचं चित्र दिसत नाही. दुकानात उघडा कॅट दाखवला तर एक पत्ता ट्यूबलाइटसमोर धरा. बदामाची सावली पाठीतून दिसली तर कॅट परत ठेवा.

मग अंगठ्याचं पोट पत्त्यावरून हळूच फिरवा. चांगल्या पत्त्यावर बारीक बारीक खळग्यांची जाळी असते, खादीच्या विणीसारखी. डोळ्यांना दिसते त्याहून बोटांना जास्त कळते. त्या खळग्यांत हवा राहते आणि पत्ते एकमेकांवरून तरंगल्यासारखे सरकतात. सतरंजीवर कॅट एका हातानं पसरलात तर बावन्न पत्ते सारख्या अंतरानं पडतात. अगदी गुळगुळीत, चकचकीत पत्ते नवे असताना निसटतात आणि आठवडाभरात हाताचा घाम लागला की चिकटतात. मघाचा दुसरा आवाज अशाच एका कॅटचा होता.

कडाही बघा, कारण त्याकडे कुणी लक्ष देत नाही. कॅटचे बरोबर सव्वीस-सव्वीसचे दोन भाग करून एकाआड एक पत्ता गुंफत पिसायची एक पद्धत आहे. वरचा पत्ता दर वेळी वरच राहील अशा रीतीनं लागोपाठ आठ वेळा बिनचूक गुंफलं तर बावन्नच्या बावन्न पत्ते मूळ क्रमात परत येतात! मला हे जमायला दोन वर्षं लागली आणि त्यातले पहिले सहा महिने मी निकृष्ट कॅटवर घालवले. त्याच्या कडा कापताना चिरमुटलेल्या होत्या, पत्ते एकमेकांत शिरतच नव्हते, आणि मी समजत होते की माझीच बोटं जड आहेत. चांगला कॅट हातात आल्यावर पहिल्याच संध्याकाळी पत्ते दात्यांसारखे एकमेकांत बसले. मुलांना निकृष्ट कॅटवर शिकायला लावू नका, असं मी पालकांना आवर्जून सांगते ते यासाठी.

जगभरचे जादूगार 'बायसिकल' हा कॅट वापरतात, हे तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात 1885 साली हे नाव सुरू झालं. पाठीवर सायकलवर बसलेला पंखवाला देवदूत, लाल किंवा निळ्या रंगात, आणि चहूबाजूंनी पांढरी किनार. ही किनार फार कामाची. पालथ्या पत्त्यांत एखादा पत्ता उलटा, म्हणजे चित्र वर करून शिरला, तर किनारीमुळे तो नुसत्या कडेवरून चटकन दिसत नाही. त्याच कंपनीच्या 'बी' नावाच्या कॅटवर नक्षी थेट कडेपर्यंत जाते. त्यात उलटा पत्ता लांबूनही डोळ्यांत भरतो. 'बी' खेळायला सुरेख, पण शिकणाऱ्यानं किनारीचाच घ्यावा. मात्र किनार चारही बाजूंना सारखी हवी. एका पत्त्याची डावीकडे जाड, दुसऱ्याची उजवीकडे, असं असलं तर चौकस प्रेक्षक लगेच म्हणतो, "खुणेचे पत्ते आहेत."

मापाबद्दल थोडक्यात. दोन मापं मिळतात. दोन्हींची उंची 3.5 इंच, एकाची रुंदी 2.5 इंच, दुसऱ्याची 2.25. रुंद तो पोकरचा, अरुंद तो ब्रिजचा. मोठ्यांनी रुंद घ्यावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पंजात रुंद पत्ता मावत नाही, त्याला खुशाल अरुंद द्या.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेत तो सायकलवाला कॅट जादूगारांनी उचलला, कारण तो तिथे घरोघरी असतो. कुणाला त्याचा संशय येत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. कोथरूडच्या एखाद्या दिवाणखान्यात मी तो परदेशी डबा पिशवीतून काढला की घरातले आजोबा चष्मा सावरत म्हणतात, "हे जादूचे पत्ते दिसतायत." काळ्या पत्त्यांवर सोनेरी नक्षी, राजा-राणीच्या जागी कवट्या, असले कॅट तर मुलांना फार आवडतात, पण पत्त्याचं चित्र बघण्यातच प्रेक्षक गुंततो आणि आपण कुठला पत्ता काढला हेच विसरतो. पत्ता बघताक्षणी "चौकटचा गुलाम" असं तोंडातून निघालं पाहिजे.

यावर मी एक उपाय करते. कार्यक्रम घरगुती असेल तर आधी खेळायला बसते. माझाच कॅट सतरंजीवर ठेवते आणि म्हणते, चला, बदाम सात होऊन जाऊ दे. आजोबा वाटतात, मुलं पिसतात, आजी सत्ती लावते. दोन डाव होईपर्यंत तो कॅट माझा राहत नाही, त्या घरचा होतो. तेच पत्ते गोळा करून मी म्हणते, यातला एक काढा बरं.

आणि घरातला जुना कॅट कुणी पुढे केला तर नाही म्हणू नका. आधी पत्ते मोजून घ्या. हरवलेला पत्ता, दुमडलेला कोपरा डोळ्यांखालून घाला आणि त्या पत्त्यांवर होईल तेवढीच जादू करा. त्यांच्या स्वतःच्या पत्त्यांवर झालेली लहानशी जादूसुद्धा त्यांच्या लक्षात राहते.

राहिला पाऊस. पुण्याच्या ऑगस्टमध्ये कागद ओल ओढतो. एका गणेशोत्सवात, मांडवात, बाहेर सर धरलेली आणि माझा कॅट तासभर टेबलावर उघडा पडलेला. परकर-पोलक्यातली एक मुलगी पुढे आली. तिनं पत्ता ओढला आणि सगळ्यांना उंच करून दाखवला. हातात इस्पिकची दश्शी, आणि तिच्या पाठीला चिकटून चौकटची तिरी. ती बावरली. दोन्हींतला कुठला आपला, हे तिला कळेना. मी तिला दुसरा पत्ता काढायला सांगून जादू पुरी केली, टाळ्याही मिळाल्या, पण त्या मुलीचा चेहरा शेवटपर्यंत उतरलेलाच होता. आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटत राहिलं, आणि चूक तर माझी होती.

तेव्हापासून पावसाळ्यात मी कॅट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या असतात ना, त्यातली एक आत टाकते. ओलसर कॅट उन्हात ठेवू नका, पत्ते वाकतात. वाकलेच तर जाडजूड शब्दकोशाखाली रात्रभर दाबून ठेवा. पत्त्यांना हात लावण्याआधी हात धुऊन कोरडे करा. शेंगदाणे, भेळ खाणं सगळं नंतर. आणि कार्यक्रमाला निघताना सरावाचा कॅट घरी ठेवून नवा न्या. सरावाच्या कॅटला हाताची सवय लागलेली असते, पण कडा मळलेल्या असतात.

विकत घेताना एकाच नक्षीचे दोन घ्या, एक लाल, एक निळा. दोन रंग लागतात अशा किती सुंदर जादू आहेत ते तुम्हाला पुढे कळेलच. तुळशीबागेत, बोहरी आळीत हिंडा, डबा उघडून दाखवायला सांगा, पत्ता उजेडाकडे धरा, अंगठा फिरवा. आणि तुमच्या घरातल्या फडताळात एखादा पत्र्याचा डबा असेल तर आज रात्री तोही खाली काढा. बावन्न पत्ते भरतात का, ते मोजून बघा.

नमस्कार.