तीन महिन्यांनी पुन्हा सीटी

(ठाण्यात नौपाड्यातील ज्येष्ठ नागरिकांपुढे एका छातीविकारतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

"फुप्फुसात 10 मिलिमीटरची गाठ दिसतेय, तीन महिन्यांनी पुन्हा सीटी स्कॅन करू," असं म्हटलं की पेशंट गप्प होतो आणि सोबत आलेला मुलगा चिडतो. "डॉक्टर, शंका आहे तर काढूनच टाका ना! वाट कसली बघायची?"

प्रश्न रास्त आहे. काही जणांत आम्हीही थांबत नाही. वय, बिडी-सिगारेट, गाठीच्या कडा बघून लगेच तुकडा तपासायला घेतो. पण सुई घालताना फुप्फुसातली हवा गळून छातीत साठू शकते. कर्करोगाची गाठ झळकवणारा पेट स्कॅन करावा, तर आपल्याकडे टीबी एवढा, की टीबीची गाठही त्यात झळकते. मग उरतो काळ. कर्करोगाची भरीव गाठ साधारण 100 ते 400 दिवसांत आकारमानाने दुप्पट होते. दुप्पट म्हणजे 10 ची 20 नव्हे हं. व्यास साडेबारा झाला की आकारमान दुप्पट झालंच! पंधरा दिवसांतली वाढ पकडता येत नाही. तेवढी चूक मोजण्यातच होते. म्हणून तीन महिने. भरीव गाठ दोन वर्षं तशीच राहिली, तर बहुधा आम्ही तिचा नाद सोडतो. धुरकट दिसणारी असेल तर पाच वर्षं लक्ष ठेवतो.

अमेरिकेत 2011 साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेल्यांच्या सीटीत जे निकाल शंकास्पद ठरले, त्यांतले 96 टक्के कर्करोगाचे निघाले नाहीत. मात्र त्यात 4 मिलिमीटरच्या गाठीही धरल्या होत्या, तेव्हा तो आकडा आपल्या गाठीला चिकटवून निर्धास्त होऊ नका.

आता घरातलं बोलू. "बाबांना सांगू नका" हे मला बिलकूल पटत नाही. बाबांना सगळं कळतं, फक्त विचारायला कुणी उरत नाही. उलट सोसायटीभर सांगितलंत, तर लिफ्टमध्ये रोज चौकशी! दोघा-तिघांनाच सांगा. आणि हात रिकामे ठेवू नका. माळ्यावरचे छातीचे जुने एक्स-रे फोटो शोधून काढा. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत हाच डाग तेवढाच दिसला, तर निम्मी काळजी तिथेच मिटते. पुढचा सीटी शक्यतो त्याच सेंटरला करा. दुसरं मत घ्यायला खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात जा किंवा आणखी कुठे, पण नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, सीडी न्या. थुंकीत रक्त दिसलं, वजन उतरू लागलं, तर तारखेची वाट न बघता या. सिगारेट आजच बंद.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: याच काळात मुलीचं लग्न आहे, पुढे ढकलू का? मुळीच नाही. सीटी लग्नाच्या आठवड्यात येत असेल, तर डॉक्टरांना सांगून तोच आठवडाभर पुढे घ्या. गाठीच्या हिशेबात आठवड्याने काही बिघडत नाही.