पुढचा आयपॅड केव्हा येईल? अंदाज बांधण्याविषयी काही विचार

मित्रहो, नवा टॅबलेट घ्यायला निघालेला माणूस बहुधा एक प्रश्न विचारतोच: आत्ता घ्यावा, की थोडे थांबावे? उत्तर देणारे बहुतेक जण मागच्या तारखा मोजतात. आधीचा अमुक महिन्यात आला, त्यापूर्वीचाही त्याच सुमारास आला, म्हणून पुढचाही तेव्हाच येईल, असा हा हिशेब असतो. तो कुठे टिकतो आणि कुठे कोलमडतो, हे मी अ‍ॅपलच्या आयपॅडच्या आधारे मांडणार आहे.

सुरुवातीला हा हिशेब टिकला. स्टीव्ह जॉब्स यांनी २७ जानेवारी २०१० रोजी पहिला आयपॅड दाखवला आणि ३ एप्रिलला तो अमेरिकेत विक्रीस आला. दुसरा मार्च २०११ मध्ये आणि तिसरा मार्च २०१२ मध्ये आला. मार्च महिना लोकांच्या मनात पक्का झाला, आणि त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, २३ ऑक्टोबर २०१२ रोजी, चौथा आयपॅड जाहीर झाला. ज्यांनी उन्हाळ्यात तिसरा घेतला होता त्यांना वाईट वाटणे साहजिकच होते. पण त्या वर्षी सप्टेंबरात आयफोन ५ बरोबर लायटनिंग हे नवे चार्जिंग पोर्ट आले होते, आणि चौथ्या आयपॅडमध्ये तेच पोर्ट आणि अधिक वेगवान ए६एक्स चिप होती. तारखांपेक्षा आतल्या भागांकडे ज्याचे लक्ष होते, त्याला निदान शंका तरी घेता आली असती.

माझे म्हणणे हेच आहे. टॅबलेट केव्हा येणार, हे त्याचा महत्त्वाचा भाग केव्हा तयार होतो यावर पुष्कळसे अवलंबून असते. आयपॅड मिनीचा इतिहास पाहा: चौथी आवृत्ती सप्टेंबर २०१५ मध्ये आली, पाचवी मार्च २०१९ मध्ये, सहावी सप्टेंबर २०२१ मध्ये आणि सातवी ऑक्टोबर २०२४ मध्ये. या अंतरांची सरासरी काढता येते, परंतु साडेतीन, अडीच आणि तीन वर्षे अशा अंतरांच्या सरासरीवर विसंबून कोणाला सल्ला देण्याचे धाडस मी करणार नाही.

२०२३ चे वर्ष तर याहून बोलके आहे. २०१० पासून प्रथमच एका संपूर्ण वर्षात एकही नवा आयपॅड आला नाही. त्या वर्षाच्या अखेरीस मॅक संगणकांत एम३ चिप आली, तेव्हा पुढच्या आयपॅड प्रोमध्येही हीच चिप असेल, असे समजणे अगदी स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ७ मे २०२४ रोजी आलेल्या प्रोने एम३ ओलांडून थेट एम४ घेतली, आणि ती चिप मॅकच्या आधी आयपॅडमध्ये दिसली. त्यासोबत दोन थर एकावर एक ठेवून बनवलेला ओलेड पडदा, म्हणजे ज्याचा प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाश देतो असा पडदा, होता. असा पडदा आयपॅडमध्ये पहिल्यांदाच येत होता, आणि अशा नव्या भागाच्या उत्पादनाला लागणारा वेळ मागच्या तारखांवरून काढता येत नाही.

मग पाहायचे काय? काही खुणा खरोखर उपयोगी आहेत. माहिती कूटरूपात सुरक्षित ठेवण्याचे (एन्क्रिप्शनचे) तंत्रज्ञान असलेल्या उपकरणांची नोंद रशिया आणि त्याच्या काही शेजारी देशांच्या युरेशियन आर्थिक आयोगाकडे करावी लागते, आणि या नोंदींमधून न आलेल्या आयपॅडचे मॉडेल क्रमांक अनेकदा आधी बाहेर पडले आहेत. चाचणीसाठी दिलेल्या सॉफ्टवेअरमध्येही कधी कधी नव्या उपकरणाची नावे सापडतात. याउलट, जुन्या मॉडेलच्या घरपोच मिळण्याची मुदत लांबली, तर ती खूण मी जपूनच वाचतो; साठा मुद्दाम कमी केलेला असू शकतो, तसाच पुरवठ्यातला साधा अडथळाही असू शकतो.

म्हणून मी अंदाज सांगताना एकच तारीख देत नाही, दोन-तीन महिन्यांचा पट्टा देतो, आणि कोणत्या भागाच्या भरवशावर तो दिला आहे तेही सांगतो. तो भाग अजून तयार नाही असे कळले, तर अंदाजही त्याच दिवशी बदलायला हवा. आणि ज्याचे काम आज अडले आहे, त्याला मी थांबायला सांगत नाही, कारण त्याच्या हाती असलेली गरज पक्की आहे आणि माझा पट्टा मात्र अंदाजाचा आहे.