घाटापलीकडं मागायला जाताना

मंडळी, देणगी गोळा करायला आम्ही दरवर्षी कोल्हापुरातून सायकलवर घाट उतरून कोकणात जातो आणि परत येतो. त्यावर आमच्या तालमीतल्या वस्तादांनी एकदा विचारलं, "दोनशे किलोमीटर सायकल हाणलीसा, त्यानं कुणाच्या ताटात काय पडलं?"

खरं उत्तर आहे, काहीच नाही. सायकल चालवून भागते ती आपलीच हौस. म्हणून तिचा खर्चही आपलाच. टी-शर्ट, मागून येणारा टेम्पो, मुक्काम, जेवण हे सगळं चालवणाऱ्यांच्या खिशातून. देणगीतला एक रुपया फ्लेक्सवर गेला तर पुढच्या वर्षी कुठल्या तोंडानं मागणार? मी तर म्हणतो, फ्लेक्स लावूच नका. कोल्हापुरात हे बोलायला छाती लागते, ठाऊक आहे मला. (हशा)

मग सायकल कशाला? मागायला निमित्त हवं म्हणून. "हजार रुपये द्या" म्हटलं की माणूस खिशाला हात लावायच्या आधी विचारात पडतो. "किलोमीटरला दोन रुपये द्या" म्हटलं की तो हसतो आणि हो म्हणतो. दोनशे किलोमीटरचे चारशे होतात. शिवाय संध्याकाळी त्याचाच फोन येतो, "पोचलास का रे?" पैसे मात्र आपल्या हातात घ्यायचे नाहीत. थेट संस्थेच्या खात्यात, पावती संस्थेची. संस्थेकडं 80जी, म्हणजे देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीची मान्यता असेल तर जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला सवलत मिळते. पण 2000 रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, हे आधीच सांगून टाकावं.

आम्ही मागतो मुलींच्या वसतिगृहासाठी. या गावाला वसतिगृहांचं महत्त्व मी सांगायला नको. 1901 साली शाहू महाराजांच्या पाठबळावर व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, 1908 साली मिस क्लार्क वसतिगृह, आणि त्या काळात एकेका समाजाचं बोर्डिंग इथं निघालं. आमचा आग्रह एवढाच, की ज्यांच्यासाठी मागायचं त्यांच्याच गावांवरून रस्ता जावा. महामार्गावरून गोव्याला जाणं सोपं आहे. फोटोही चांगले येतात.

आम्ही फुलेवाडीतून निघतो, कळे, साळवण करत गगनबावडा. साधारण 55 किलोमीटर. पावसाळ्यात कुंभी फुगली की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि वाहतूक बंद. गाडीत बसून ही बातमी वाचणं वेगळं. सायकलवर, वाडीकडं जाणारा प्रत्येक फाटा दिसतो. तिथनं पोरगी चालत येणार कधी, एसटी धरणार कधी आणि कॉलेजला पोचणार कधी, याचा हिशेब पाय मारता मारता आपोआप होतो.

पुढं करूळ घाट. उतारावर ब्रेक सतत दाबून धरायचा नाही; रिम तापते. दाबायचा, सोडायचा, वळणाच्या आधी वेग कमी करायचा. खाली वैभववाडी, तळेरे, मग फोंडा. कोकणातला दमटपणा घाटमाथ्यावरच्या माणसाला लवकर थकवतो, मीठ-साखरेचं पाणी बाटलीत हवंच.

दुसऱ्या दिवशीचा फोंडा घाट मैत्रीची परीक्षा बघतो. दमदार गडी वर जाऊन बसतो, विश्रांती घेतो, मागचा धापा टाकत पोचला की हा लगेच उठून म्हणतो, "चला!" म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्याला ती मिळतच नाही. म्हणून सगळ्यात सावकाश चालवणारा पुढं, बाकीचे त्याच्या मागं. तरण्या पोरांना हे पटवायला घाटाइतकाच दम लागतो. वर दाजीपूरचं जंगल, गव्यांचं राज्य; तिथं अंधारात चालवायचं नाही. मग राधानगरी, महाराजांनी काम सुरू केलेलं धरण, पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे. तिथं चहा होतोच.

परतीला भोगावतीकाठचा ऊसपट्टा. हंगाम भरात असताना ट्रॉल्यांची रांग लागते आणि मागं रिफ्लेक्टर असेलच असं धरून चालू नका. म्हणून आम्ही दिवाळीच्या आसपास, गाळप जोरात यायच्या आधी जातो. तेव्हा भाताची सुगी असते. कुठं कुठं रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेला असतो. त्यावरून चाक न्यायचं नाही, उतरून हातात सायकल धरून जायचं. उतरलात की राखणीला बसलेली आजी विचारतेच, "कुठनं आलासा, कशापायी?" तेव्हा तिला नीट सांगायचं. तिची नात यंदा बारावीला असू शकते, आणि वसतिगृहाचा पत्ता तिला हवा असू शकतो.