श्रावणातला भडका

[रात्र. अंजनेरीचा पायथा. ट्रायपॉडवर दुर्बीण, शेजारी लॅपटॉप.]

आज शनीची कडी बघायला कुणी आलेलं नाही. नाशिकची ही मंडळी उत्तरेकडे, सरठ तारकासमूहातला एक फिकट ठिपका शोधतायत. नाव बीएल लॅसर्टी. 1929 मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ कुनो हॉफमायस्टर यांनी तो रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा तारा म्हणून नोंदवला. जवळजवळ चाळीस वर्षं तो तारा म्हणूनच खपला. 1968 मध्ये तिथून रेडिओ लहरी येतात हे कळलं आणि बिंग फुटलं! ती होती सुमारे 90 कोटी प्रकाशवर्षं दूरची दीर्घिका. तिच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून निघणारा द्रव्याचा झोत जवळजवळ आपल्याच दिशेने रोखलेला आहे. अशा दीर्घिकांना ब्लेझार म्हणतात.

[लॅपटॉपचा पडदा: मधला ठिपका, भोवती तीन-चार तारे.]

शेजारच्या ताऱ्यांची प्रत, म्हणजे तेजाचं माप, ठाऊक असते. त्यांच्याशी ताडून ठिपक्याची प्रत काढायची. कधी काही तासांतच त्यात फरक दिसतो. म्हणजे उजेड देणारी जागाही प्रकाश काही तासांत ओलांडेल त्यापेक्षा फार मोठी नसणार. एवढ्या अवाढव्य दीर्घिकेत!

2020 आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये हा ब्लेझार पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता इतका भडकला. नेमका श्रावण. नाशिकवर ढगांचं झाकण, दुर्बिणी खोक्यात.

[पुणे रस्ता. नारायणगावजवळ खोडदच्या अँटेना.]

रेडिओ लहरींना ढगांचं काही वाटत नाही. इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना भर पावसातही ऐकू शकतात. पण भडक्याची पहिली खबर त्यांच्याकडे सहसा येत नाही. झोताचा मुळाजवळचा भाग रेडिओ लहरींना अपारदर्शक असतो. द्रव्य पुढे सरकून विरळ झालं की मगच त्या सुटतात. आधी गॅमा किरण आणि दृश्य प्रकाश, रेडिओ आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. भडका झोतात कुठे उठला, याचा माग या वेळेच्या फरकातूनच लागतो. एकट्या दुर्बिणीचं ते काम नव्हे.

क्ष-किरण हवेतच अडतात, त्यासाठी अ‍ॅस्ट्रोसॅटसारखा उपग्रह लागतो. अतिऊर्जावान गॅमा किरण वातावरणात निळसर चमक उठवतात; ती टिपायला लडाखमध्ये हानले इथे 21 मीटरची मेस दुर्बीण आहे.

दसऱ्यानंतर आकाश धुतलेलं असतं, रात्री नऊच्या सुमारास सरठ उंचावर येतो. नोंद मात्र जागतिक वेळेत करायची, घड्याळातून साडेपाच तास वजा करून. नाहीतर अंजनेरीची नोंद उपग्रहाच्या नोंदीशी जुळवताना घोळ व्हायचा.